मूसा इब्न मैमून : एका यहुदी विद्वानाचे जीवन आणि न्यायाचा कुरआनी मापदंड



कुरआनमजीदचे नियमित पठण करणाऱ्यास एक गोष्ट सहज लक्षात येते. या दिव्य ग्रंथात ज्या पैगंबराचे नाव सर्वाधिक वेळा आले आहे, ते आहेत हजरत मूसा (अ.). त्यांच्या समाजाचा, म्हणजे बनी इस्राईलचा, इतिहास कुरआनने विस्ताराने सांगितला आहे. त्या समाजावर झालेल्या ईशकृपेची आठवण करून दिली, त्याच्या चुकांवर कठोर टीका केली आणि त्याच्यातील सज्जनांची मुक्तकंठाने प्रशंसाही केली. परंतु आपण हे सर्व वाचतो तेव्हा बहुधा टीकेचा भाग आपल्या स्मरणात राहतो आणि प्रशंसेचा भाग निसटून जातो. सूरह आलि-इमरानच्या आयत ११३ ते ११५ मध्ये अल्लाहने स्पष्ट केले आहे की ग्रंथधारक (अहले किताब) सगळे एकसारखे नाहीत. त्यांच्यात रात्रीच्या प्रहरी उभे राहून ईशवचनांचे पठण करणारे, सत्कर्माची आज्ञा देणारे लोकही आहेत आणि त्यांच्या कोणत्याही सत्कृत्याची उपेक्षा होणार नाही.

ज्या अल्लाहने सर्वांना एकाच पारड्यात तोलण्यास नकार दिला, त्याच्या दासांना तसे करण्याचा अधिकार कोठून येणार? हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. पश्चिम आशियातील रक्तपाताच्या बातम्या रोज कानी येतात, अंतःकरण पिळवटून निघते, आणि त्या दुःखाच्या भरात जिभेवर संपूर्ण यहुदी समाजासाठी शाप येतो. जुलमाला जुलूम म्हणणे हे ईमानाचे कर्तव्यच आहे. परंतु जुलूम करणाऱ्याचा धर्म पाहून त्या धर्माच्या प्रत्येक अनुयायाला, त्याच्या मागील पिढ्यांना आणि त्याच्या विद्वानांना गुन्हेगार ठरवणे हा न्याय नव्हे. म्हणून या लेखात आपण यहुदी इतिहासातील एका थोर व्यक्तीचा परिचय करून घेऊ. त्यांचे आयुष्य मुस्लिम राजवटींत गेले, त्यांची बहुतेक ग्रंथरचना अरबी भाषेत झाली, आणि एका मुस्लिम सत्तेकडून अन्याय तर दुसऱ्या मुस्लिम सत्तेकडून आश्रय व सन्मान, असे दोन्ही अनुभव त्यांच्या वाट्याला आले.

कुर्तुबा ते फुस्तात

अरबी ग्रंथांत त्यांचे नाव मूसा इब्न मैमून असे येते. यहुदी लोक त्यांना ‘रामबाम’ म्हणतात आणि युरोपात ते मैमोनिडीस या नावाने ओळखले जातात. त्यांचा जन्म अंदलुसमधील (आजचा स्पेन) कुर्तुबा या नगरीत इ.स. ११३८ मध्ये झाला. जुन्या ग्रंथांत ११३५ हे वर्षही दिलेले आढळते. त्यांचे वडील मैमून हे यहुदी समाजाचे धार्मिक न्यायाधीश होते.

कुर्तुबा हे त्या काळी विद्येचे माहेरघर होते. इब्न मैमून यांच्या जन्मापूर्वी सुमारे दोनशे वर्षे, खलीफा अब्दुर्रहमान तिसरे यांच्या दरबारात हसदाई इब्न शप्रूत हे यहुदी वैद्य राजनैतिक कामगिरी सांभाळत होते. यहुदी विद्वानांनी अरबी व्याकरण पाहून हिब्रू व्याकरणाची शास्त्रशुद्ध मांडणी केली ती याच भूमीत. महान मुस्लिम तत्त्वज्ञ आणि काझी इब्न रुश्द यांचा जन्मही याच शहरात ११२६ मध्ये झाला; म्हणजे हे दोघे एका गावचे आणि एका पिढीचे.

इब्न मैमून सुमारे दहा वर्षांचे असताना, ११४८ मध्ये, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुवह्हिदून या राजवटीने कुर्तुबा जिंकून घेतले. ‘मुवह्हिद’ याचा अर्थ तौहीद, म्हणजे एकेश्वरत्व मानणारा. नाव इतके पवित्र. परंतु या राजवटीने शरीअतने गैरमुस्लिम प्रजेला (जिम्मींना) दिलेले संरक्षणच काढून घेतले आणि यहुदी व ख्रिस्ती प्रजेपुढे दोनच मार्ग ठेवले : धर्मांतर किंवा देशत्याग. शतकानुशतके वसलेली कुटुंबे उखडली गेली. मैमून यांचे कुटुंब काही वर्षे अंदलुसमध्येच गावोगाव भटकले आणि ११६० च्या सुमारास मोरोक्कोतील फास शहरी आले. तेथेही त्याच राजवटीचा अंमल होता. अखेर ११६५ मध्ये हे कुटुंब जहाजाने अक्का बंदरात उतरले, जेरुसलेम व हेब्रॉनचे दर्शन घेऊन इजिप्तला गेले आणि काहिराजवळील फुस्तात या जुन्या शहरात स्थिरावले.

या जबरदस्तीची झळ केवळ यहुद्यांनाच बसली असे समजू नये. याच मुवह्हिदी दरबाराने पुढे ११९५ मध्ये खुद्द इब्न रुश्द यांना हद्दपार केले. विचाराला आणि श्रद्धेला तलवारीने वळण लावण्याची सवय एकदा सत्तेला लागली की ती आपला-परका पाहत नाही.

जबरदस्तीचा प्रश्न

फासमध्ये असताना इब्न मैमून यांनी एक पत्रग्रंथ लिहिला. प्रसंग असा होता की अनेक यहुद्यांनी जीव वाचवण्यासाठी तोंडाने इस्लामचा स्वीकार केला होता आणि घरात मात्र ते आपलाच धर्म पाळत होते. एका यहुदी धर्मपंडिताने निर्णय दिला की असे लोक धर्मभ्रष्ट झाले असून त्यांच्या गुप्त प्रार्थनांना काही अर्थ नाही. इब्न मैमून यांनी या निर्णयाचा कठोर शब्दांत प्रतिवाद केला. ज्याच्या मानेवर तलवार आहे त्याने उच्चारलेल्या शब्दाने त्याचे अंतःकरण बदलत नाही, त्याची प्रार्थना व्यर्थ जात नाही. मात्र जेथे आपला धर्म उघडपणे पाळता येत नाही ते ठिकाण त्याने शक्य तितक्या लवकर सोडावे, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचकहो, हे वाचताना आपल्याला कोणाची आठवण होते? मक्केत हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्यावर असह्य अत्याचार झाले, त्यांच्या आईवडिलांना ठार करण्यात आले आणि त्यांच्या तोंडून बळजबरीने इन्काराचे शब्द वदवून घेण्यात आले. ते रडत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना एवढेच विचारले की तुझ्या अंतःकरणाची अवस्था काय आहे? ते ईमानावर स्थिर असल्याचे कळताच प्रेषितांनी त्यांचे सांत्वन केले. सूरह नहलच्या आयत १०६ मध्ये, ज्याच्यावर जबरदस्ती झाली आणि ज्याचे मन ईमानावर समाधानी आहे, त्याला दोषातून वगळण्यात आले आहे. मक्केतील निर्बल मुसलमानांनी जे भोगले तेच बाराव्या शतकात, इस्लामचे नाव घेणाऱ्या एका सत्तेच्या हातून, अंदलुसच्या यहुद्यांनी भोगले. हे मान्य करताना आपल्याला संकोच वाटू नये. इस्लामचा मापदंड मुसलमानांच्या कृतीवरून ठरत नाही. मुसलमानांची कृती इस्लामच्या मापदंडावर तपासली जाते. आणि तो मापदंड सूरह बकराच्या आयत २५६ मध्ये अगदी स्पष्ट आहे : धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही.

या संदर्भात एक प्रसंग इब्नुल किफ्ती या मुस्लिम इतिहासकारांनी नोंदवला आहे. ते हलब येथे उच्च पदावर होते आणि इब्न मैमून यांच्या एका शिष्याशी त्यांची मैत्री होती. ते लिहितात की अंदलुसमध्ये इब्न मैमून यांनीही वरकरणी इस्लाम स्वीकारला होता. पुढे इजिप्तमध्ये तेथून आलेल्या एका फकीहने त्यांना ओळखले आणि इस्लाम सोडल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. हा आरोप सिद्ध झाला असता तर प्राणावर बेतले असते. परंतु सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे विश्वासू मंत्री काझी अल-फाझिल यांनी तो फेटाळला. ज्याला बळजबरीने इस्लाममध्ये आणले गेले त्याचे इस्लाम स्वीकारणे शरीअतच्या दृष्टीने ग्राह्यच नाही, असा त्यांचा निर्णय होता. इब्न मैमून यांनी खरोखर असे धर्मांतर केले होते काय, याविषयी आधुनिक संशोधकांत मतभेद आहेत. तथापि मुस्लिम इतिहासकाराने हा निर्णय आदराने नोंदवून ठेवला, यावरून त्या काळच्या विद्वानांची न्यायबुद्धी दिसून येते. एका टोकाला मुवह्हिदी सत्ताधीश आणि दुसऱ्या टोकाला काझी अल-फाझिल. दोघेही मुसलमानच. कुरआनला अधिक जवळचा कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भावाचा मृत्यू आणि वैद्यकीचा व्यवसाय

इजिप्तमध्ये प्रारंभी इब्न मैमून यांचा धाकटा भाऊ दाऊद हा घर चालवीत असे. तो रत्नांचा व्यापारी होता आणि त्याच्या कमाईवर थोरला भाऊ निश्चिंतपणे अध्ययन करीत होता. हिंदुस्थानकडे निघालेल्या दाऊदने तांबड्या समुद्रावरील ऐझाब बंदरातून भावाला पाठवलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्या सफरीत हिंदी महासागरात जहाज बुडाले आणि दाऊद मरण पावला. त्याच्याबरोबर कुटुंबाची आणि इतरांची पुंजीही बुडाली. या आघाताने इब्न मैमून सुमारे एक वर्ष अंथरुणाला खिळून होते आणि अनेक वर्षांनंतरही भावाचे हस्ताक्षर दिसताच आपले दुःख पुन्हा जागे होते, असे त्यांनी एका मित्राला कळवले आहे.

धर्मविद्येच्या बळावर पैसा मिळवणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी वैद्यकी हा चरितार्थाचा मार्ग निवडला. हळूहळू त्यांची कीर्ती पसरली. काझी अल-फाझिल यांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे सलाहुद्दीन यांचे ज्येष्ठ पुत्र अल-अफजल यांचेही ते वैद्य झाले. विषबाधा, दमा, मूळव्याध, आरोग्यरक्षण अशा विषयांवर त्यांनी अरबीत ग्रंथ लिहिले. दम्यावरील ग्रंथात त्यांनी शहरातील कोंदट हवा आणि मोकळ्या जागेतील शुद्ध हवा यांतील फरक समजावून सांगितला आहे. अल-अफजल यांच्यासाठी लिहिलेल्या आरोग्यविषयक ग्रंथात मनाच्या विकारांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी वर्णिला आहे.

११९९ मध्ये त्यांनी आपल्या ग्रंथाच्या अनुवादकाला लिहिलेल्या पत्रात स्वतःची दिनचर्या सांगितली आहे. रोज पहाटे फुस्तातहून काहिरातील राजवाड्यात जावे लागे. दुपार टळल्यावर उपाशीपोटी घरी परतावे, तो अंगण रुग्णांनी भरलेले असे. यहुदी आणि गैरयहुदी, सामान्य आणि प्रतिष्ठित, मित्र आणि विरोधक असे सगळे त्यांत असत. हात धुऊन, चार घास खाण्यापुरती त्यांची परवानगी मागून, ते रात्र होईपर्यंत रुग्ण तपासत. शेवटी थकव्याने आडवे पडून औषधे सांगत. शनिवारी समाजाचे लोक मार्गदर्शनासाठी येत. अशा दिनक्रमातून त्यांनी जी ग्रंथरचना केली ती पाहून मन थक्क होते.

त्यांची धार्मिक शिकवण

इब्न मैमून यांचे तीन ग्रंथ विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, यहुदी धर्मनियमांचा प्राचीन संग्रह असलेल्या ‘मिश्ना’वरील अरबी भाष्य. ते ११६८ मध्ये पूर्ण झाले. दुसरा, ‘मिश्ने तोरा’ हा चौदा भागांचा हिब्रू ग्रंथ. यहुदी धर्मशास्त्रातील विखुरलेल्या आदेशांची विषयवार आणि सुबोध मांडणी त्यात केलेली आहे. तिसरा, ‘दलालतुल हाइरीन’, म्हणजे संभ्रमात पडलेल्यांसाठी मार्गदर्शन. हा ग्रंथ ११९० च्या सुमारास अरबीत लिहिला गेला.

मिश्नावरील भाष्यात त्यांनी यहुदी श्रद्धेची तेरा तत्त्वे मांडली. निर्माणकर्त्याचे अस्तित्व, त्याचे एकत्व, तो शरीररहित असणे, तो अनादि असणे, केवळ तोच उपासनेस पात्र असणे, प्रेषितत्व, हजरत मूसा (अ.) यांचे सर्वश्रेष्ठत्व, तौरात ईश्वराकडून असणे, तौरात कधी न बदलणे, ईश्वराचे सर्वज्ञत्व, कर्मांचे फळ, मसीहाचे आगमन, आणि मृतांचे पुनरुत्थान.

ही यादी वाचताना मुस्लिम वाचकाला बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. तौहीद, रिसालत आणि आखिरत हे इस्लामच्या श्रद्धेचे तीन आधारस्तंभ येथेही दिसतात. मतभेदाच्या जागाही स्पष्ट आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. आपली श्रद्धा अशी की प्रेषितत्वाची शृंखला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर पूर्ण झाली, कुरआन हा अंतिम ग्रंथ आहे आणि मसीह म्हणजे हजरत ईसा (अ.) येऊन गेले. सूरह अनकबूतच्या आयत ४६ मध्ये ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करावी, आमचा आणि तुमचा ईश्वर एकच आहे असे सांगावे, अशी शिकवण आहे. मतभेद मान्य करून समान भूमीवरून संवाद सुरू करण्याची ही पद्धत खुद्द अल्लाहने शिकवलेली आहे.

‘दलालतुल हाइरीन’ या ग्रंथाचा मोठा भाग ईश्वराच्या गुणांच्या चर्चेसाठी आहे. धर्मग्रंथात ईश्वराच्या हाताचा, डोळ्याचा, आसनाचा उल्लेख आला की सामान्य माणूस ईश्वराला देहधारी समजू लागतो. असे शब्द शब्दशः घेऊ नयेत. ईश्वर काय आहे हे सांगण्यास मानवी भाषा अपुरी असून तो काय नाही एवढेच नीट सांगता येते, असे इब्न मैमून यांचे प्रतिपादन आहे. मुस्लिम विद्वानांत याच प्रश्नावर शतकानुशतके चर्चा चालू होती. इब्न मैमून यांनी मुस्लिम मुतकल्लिमीनच्या मतांची सविस्तर चिकित्सा केली. अल-फाराबी यांच्याविषयी त्यांना विशेष आदर होता. सत्य ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून घ्यावे, असे त्यांचे धोरण होते. मुस्लिम विद्वानांनीही त्यांच्या बाबतीत संकुचितपणा दाखवला नाही. या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी असलेल्या पंचवीस प्रमेयांवर तबरीझी या मुस्लिम विद्वानाने अरबीत भाष्य लिहिले.

दानाच्या आठ पायऱ्या

‘मिश्ने तोरा’मध्ये गरिबांच्या हक्कांविषयीच्या प्रकरणात इब्न मैमून यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत श्रेष्ठ पायरीपासून त्यांचा आशय असा :

१. गरजूला देणगी किंवा कर्ज देऊन, व्यवसायात भागीदार करून किंवा काम मिळवून देऊन असे उभे करावे की त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये.
२. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नसावा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसावा.
३. देणाऱ्याला घेणारा ठाऊक असावा, पण घेणाऱ्याला देणारा कळू नये.
४. घेणाऱ्याला देणारा ठाऊक असावा, पण देणाऱ्याला घेणारा कळू नये.
५. मागण्यापूर्वीच द्यावे.
६. मागितल्यावर द्यावे.
७. पुरेसे देता आले नाही तरी हसतमुखाने द्यावे.
८. नाखुशीने द्यावे.

या क्रमाची तुलना इस्लामच्या शिकवणीशी करून पाहा. सूरह बकराच्या आयत २७१ मध्ये उघड दान चांगले, परंतु गुप्तपणे गरिबांना दिलेले दान अधिक चांगले, असे सांगितले आहे. त्याच सूरहच्या आयत २६४ मध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. आणि पहिल्या पायरीचे प्रात्यक्षिक तर प्रेषितांच्या जीवनात आढळते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे की एक अन्सारी मदत मागण्यास आला. प्रेषितांनी त्याच्या घरातील एक जाड वस्त्र आणि एक वाडगा आणवून ते दोन दिरहमांना विकले, एका दिरहमाचे धान्य घेण्यास आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणण्यास सांगितले, आपल्या हातांनी तिला दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकण्यास त्याला पाठवले. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

आपल्या वस्त्यांत दर रमजानमध्ये जकातीचे वाटप होते. रांगा लागतात, छायाचित्रे काढली जातात आणि पुढच्या वर्षी त्याच रांगेत तीच कुटुंबे पुन्हा उभी असतात. या आठ पायऱ्यांपैकी आपण कोठे उभे आहोत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

नवागताचा सन्मान

इब्न मैमून यांच्या पत्रांपैकी एक पत्र आपल्या दृष्टीने विशेष आहे. ओबद्या नावाच्या एका गृहस्थाने यहुदी धर्म स्वीकारला होता. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असे त्याने म्हणताच त्याच्या गुरूने त्याचा अपमान केला आणि त्याला मूर्ख ठरवले. त्याने इब्न मैमून यांना विचारले. मुवह्हिदी जबरदस्तीमुळे ज्यांचे बालपण उद्ध्वस्त झाले होते, त्या माणसाने उत्तर दिले की मुसलमान मूर्तिपूजक मुळीच नाहीत. ते ईश्वराचे एकत्व निर्दोषपणे मानतात, आणि त्यांनी आपल्यावर खोटे आरोप केले म्हणून आपण त्यांच्यावर खोटा आरोप करू शकत नाही. गुरूने शिष्याचा अपमान केला हे मोठे पाप असून त्याने ओबद्याची क्षमा मागितली पाहिजे, असेही त्यांनी बजावले. त्याच गृहस्थाला दुसऱ्या उत्तरात त्यांनी कळवले की जो हजरत इब्राहीम (अ.) यांच्या मार्गावर चालतो त्याचे पिता इब्राहीमच आहेत, म्हणून जन्माने यहुदी असलेल्यांप्रमाणेच प्रार्थनेत पूर्वजांचा उल्लेख करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

इब्न मैमून यांच्या लेखनात सर्वत्र इस्लामची स्तुती आहे असा याचा अर्थ नाही. यमनमधील छळाला तोंड देणाऱ्या यहुद्यांना ११७२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात इस्लामविषयी कटू शब्दही आहेत आणि त्यांच्याशी आपण सहमत होऊ शकत नाही. परंतु सिद्धान्ताचा प्रश्न समोर आला तेव्हा त्यांनी आपली वैयक्तिक जखम निर्णयाच्या आड येऊ दिली नाही. सूरह माइदाच्या आयत ८ मध्ये ईमानधारकांना हीच आज्ञा आहे : एखाद्या समाजाच्या शत्रुत्वामुळे न्याय सोडू नका, न्याय करा, तोच तक्व्याच्या अधिक जवळ आहे. एका यहुदी विद्वानाने मुसलमानांच्या बाबतीत जे पाळले, ते मुसलमानाने यहुद्यांच्या बाबतीत पाळायला नको काय?

प्रेषितकाळातील दाखले

मदीनेत आल्यावर प्रेषितांनी जो करार केला त्यात यहुदी टोळ्यांना त्यांच्या धर्माचे आणि मुसलमानांना त्यांच्या धर्माचे स्वातंत्र्य मान्य करण्यात आले होते. पुढे काही टोळ्यांशी संघर्ष झाले. त्यांची कारणे राजकीय आणि करारभंगाची होती. त्याच मदीनेत एका मुसलमान म्हणवणाऱ्या घराण्यातील माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर ढकलला, असे भाष्यकार सांगतात. त्याचे नातेवाईक त्याच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा सूरह निसाच्या आयत १०५ आणि पुढील आयती अवतरल्या, आणि निरपराध यहुद्याची निर्दोषता आकाशातून जाहीर झाली. हा इतिहास कयामतपर्यंत नमाजमध्ये पठण केला जाणार आहे. बुखारी शरीफमध्ये आहे की एका यहुद्याची अंत्ययात्रा जवळून जाताना प्रेषित (स.) उभे राहिले. तो यहुदी होता असे सांगण्यात आले, तेव्हा तो एक मानवी जीव नव्हता काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला.

मानवी जीवाचे हेच मोल सूरह माइदाच्या आयत ३२ मध्ये आहे. एका निरपराध जीवाची हत्या ही जणू सर्व मानवजातीची हत्या आणि एका जीवाचे रक्षण हे जणू सर्व मानवजातीचे रक्षण. हा आदेश बनी इस्राईलला दिला होता असे कुरआन सांगतो, आणि यहुद्यांच्या मिश्नामध्ये, न्यायसभेच्या प्रकरणात, याच आशयाचे वचन आजही आहे. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्या कोणत्याही यहुदी सत्तेला जाब विचारायचा असेल तर तो तिच्याच धर्माच्या या शिकवणीने विचारता येतो. आणि मुसलमान जुलूम करीत असेल तर त्यालाही याच आयतीने.

आपल्या भूमीशी नाते

महाराष्ट्रातील वाचकांना यहुदी समाज परका नाही. कोकणातील बेने इस्राईल हे शतकानुशतके आपले शेजारी आहेत. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज या भूमीवर आले, असे ते परंपरेने सांगतात. त्यांची मातृभाषा मराठी. ते तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले, आणि प्रार्थनास्थळासाठी हा समाज आपल्या बोलीत ‘मशीद’ हाच शब्द वापरीत आला.

त्यांच्या परंपरेत दाविद रहाबी नावाच्या एका गुरूचे स्मरण आहे. विस्मृतीत गेलेले धर्मनियम त्याने त्यांना पुन्हा शिकवले. हा रहाबी म्हणजे इब्न मैमून यांचा सागरात बुडालेला भाऊ दाऊदच असावा, असा तर्क काहींनी केला होता. बरेच अभ्यासक मात्र त्याला खूप नंतरच्या काळातील कोचीनचा यहुदी मानतात. तर्क खरा असो वा नसो, फुस्तातहून निघालेल्या व्यापाऱ्याची वाट हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे येत होती, आणि त्या वाटेवर मुसलमान, यहुदी आणि हिंदू व्यापारी परस्परांच्या विश्वासावर माल सोपवत होते, हे फुस्तातच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या जुन्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले आहे.

आपण काय घ्यावे?

इब्न मैमून यांचे १३ डिसेंबर १२०४ रोजी, हिजरी ६०१ मध्ये, फुस्तात येथे निधन झाले. त्यांचे पुत्र इब्राहीम त्यांच्यामागे इजिप्तच्या यहुद्यांचे प्रमुख झाले. त्यांनी भक्तिमार्गावर अरबीत ग्रंथ लिहिला, मुस्लिम सूफींच्या साधनेची मोकळेपणाने प्रशंसा केली आणि आपल्या अनुयायांच्या प्रार्थनेत रांगेने उभे राहणे व साष्टांग नमन (सजदा) रूढ करण्याचा प्रयत्न केला. या प्राचीन बनी इस्राईलच्याच रीती आहेत आणि मुसलमानांनी त्या जपल्या, अशी त्यांची धारणा होती.

या चरित्रातून तीन गोष्टी आपण घेऊ शकतो. पहिली, जबरदस्तीने मिळवलेला धर्म अल्लाहला नको आहे. ती करणारा कोणीही असो, तो कुरआनच्या विरोधात उभा असतो. दुसरी, ज्ञान आणि सत्कर्म जेथे दिसेल तेथे त्याचा आदर करावा. त्याने आपले ईमान उणे होत नाही. तिसरी, आपल्यावर किंवा आपल्या बांधवांवर झालेला जुलूम आपल्याला जुलमाची परवानगी देत नाही. सूरह मुम्तहिनाच्या आयत ८ नुसार, ज्यांनी धर्मावरून आपल्याशी युद्ध केले नाही आणि आपल्याला घरांतून हाकलले नाही, त्यांच्याशी सदाचार आणि न्याय करण्यास अल्लाह मनाई करीत नाही. उलट न्याय करणारे त्याला प्रिय आहेत.

पुढच्या वेळी एखाद्या सभेत किंवा घरातील बोलण्यात ‘सगळे यहुदी असेच’ हे वाक्य ऐकू आले, तर तेथे नम्रपणे कुरआनची ती छोटी आयत आठवून द्यावी : ते सगळे एकसारखे नाहीत. मुलांसमोर तर हे आवर्जून सांगावे, कारण मनात न्याय रुजतो किंवा द्वेष रुजतो तो याच वयात.

अल्लाह आपल्याला रागाच्या क्षणीही न्यायावर स्थिर राहण्याचे सामर्थ्य देवो, पीडितांचे रक्षण करो आणि आपल्या हातून व जिभेने कोणत्याही निरपराधावर जुलूम होऊ न देवो. आमीन.